वन्संसाठी कुलूपवाली मेल

लग्न होऊन मी देवासहून धारला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला नाती शिकवली. सासऱ्यांना मामंजी म्हणायचं, दिरांना भाऊजी आणि नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला वन्सं. आमच्या देवासच्या कॉलनीत असं कुणी बोलत नसे. आप्पा साताऱ्याकडून कारखान्याच्या नोकरीसाठी आलेले, आई मिरजेची. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळा तर सगळी हिंदीच. 'वन्सं' हा शब्द मी धारला येऊनच ऐकला. सुरुवातीला तो तोंडातून काढताना मला हसू यायचं, आणि सासूबाई म्हणायच्या, "हसत्येस काय, सवय होईल."

वन्सं डॉक्टर होत्या. त्यांनी लग्न केलं नव्हतं. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांचा दवाखाना होता. मामंजी शाळेतून रिटायर झाले होते आणि सकाळी घराण्याकडे असलेल्या देवळाची पूजा करत. आदल्या पिढ्या संस्थानच्या चाकरीत होत्या. आता घरात फक्त तेवढी बोलायची रीत उरली होती. वन्सं फार बोलत नसत. गावातल्या बायका त्यांच्याकडे येत, तशा सरदारपूरकडच्या खेड्यांतूनही जीप भरभरून येत, आणि सगळ्यांना त्या एकाच आवाजात विचारत, "हां, बोलो, क्या हुआ?"

देवासला मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता. धारमध्ये दुपारी एका क्लासात शिकवायला जात असे. त्यामुळे घरात कॉम्प्युटरचं काही निघालं की ते माझ्याकडे येई, मग ते टीव्हीच्या रिमोटचं का असेना.

दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. धारमध्ये एका एसटीडीवाल्यानं बूथच्या मागे दोन कॉम्प्युटर मांडून सायबर कॅफे काढला होता. चांगला, मिठ्ठास बोलणारा माणूस. त्याच्या मुलीच्या लग्नात आम्ही सगळे जेवून आलो होतो. वन्संच्या दवाखान्याचं ईमेलचं खातं त्यानंच उघडून दिलं होतं आणि पासवर्डही त्याच्याचकडे होता. रोज सकाळी तो खातं उघडून बघे, काही आलं असेल तर प्रिंट काढे आणि आमच्या बाजूला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवून देई. वन्संना उत्तर पाठवायचं असेल तर त्या कागदावर लिहून देत आणि तो टाइप करे. यात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं. उलट, किती सोय करतो बिचारा, असंच सगळे म्हणत.

वन्संची एक वर्गमैत्रीण पुण्याला होती. ती एचआयव्हीच्या रोग्यांवर इलाज करायची. आमच्या भागातून मुंबई-आग्रा रस्ता जातो. ट्रकवाले, त्यांच्या घरच्या बायका, त्यांची पोरं, असे रोगी वन्संकडे येऊ लागले होते आणि इथे कुणाला विचारावं असं कुणी नव्हतं. मुख्य औषधं तेव्हा आमच्याकडच्या लोकांच्या आवाक्याबाहेरची होती. पण टीबी झाला, जुलाब थांबेनात, तोंड आलं, त्यावर काय द्यायचं, काय आधी आणि काय नंतर, हे वन्सं त्या मैत्रिणीला विचारत. मैत्रीण सविस्तर उत्तर पाठवायची.

असंच एक उत्तर आलं ते सिलाईवाल्या भाभीबद्दल होतं.

आम्ही सगळ्या तिला सिलाईवाली भाभीच म्हणायचो. आमच्याच गल्लीच्या पुढच्या वळणावर तिचं घर होतं. तिचा नवरा ट्रकवर होता, तो आदल्या वर्षी गेला. ब्लाउज शिवण्यात तिचा हात असा होता की इंदूरला माहेर असलेल्या बायकाही शिवायला कापड धारलाच आणायच्या. तिची तब्येत उतरली तेव्हा वन्संनी तपासण्या केल्या, आणि जे निघायचं ते निघालं. वन्संनी ते घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

पुण्याहून आलेला तो कागद कॅफेवाल्यानं नेहमीप्रमाणे प्रिंट काढून आमच्याकडे येणाऱ्या एका गृहस्थाच्या हाती दिला. हे गृहस्थ कचेरीतून रिटायर झालेले, इंग्रजी उत्तम. पाकीट नव्हतंच. वाटेत त्यांनी तो वाचला. वाईट हेतू असेल असं मला आजही वाटत नाही. हातात लिहिलेला कागद आला की वाचायचा, अशी काही माणसांची सवय असते. पण वाचल्यावर ते गप्प बसले नाहीत. घरी बायकोला सांगितलं, तिनं जावेला सांगितलं.

मला कळलं ते असं. मी माझं कापड द्यायला भाभीकडे गेले, तर दारात दोन बायका उभ्या होत्या आणि आपापली कापडं परत मागत होत्या. एकीनं म्हटलं, घाई आहे, दुसरीकडे देते. दुसरीनंही तसंच काहीतरी गोड बोलून सांगितलं. भाभीनं दोघींची कापडं घडी करून, पिशवीत घालून दिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आप भी लेने आई हो?"

"नहीं, देने आई हूँ," मी म्हटलं. मला तेव्हा काही माहीत नव्हतं. तिनं कापड घेतलं, माप घेतलं नाही. म्हणाली, माप है मेरे पास.

संध्याकाळपर्यंत घरात सगळं आलं. वन्संना कुणीतरी दवाखान्यातच विचारलं, "डॉक्टर मैडम, वो सिलाईवाली को सच में वो बीमारी है क्या?" वन्संनी तिला नुसती तिच्या औषधाची चिठ्ठी लिहून दिली. दवाखाना लवकर बंद करून त्या आत आल्या आणि ओट्याशी उभ्या राहिल्या. मी पोळ्या लाटत होते.  त्या म्हणाल्या,

"अगं, तुमच्या त्या कॉम्प्युटरात असं काही असतं का, की मी लिहीन आणि पुण्याला तीच वाचील? मधे कुणी म्हणजे कुणी नाही?"

"असेल," मी म्हटलं. "शोधते."

त्यांचा आवाज नेहमीइतकाच शांत होता, पण त्यांनी माझ्यासमोरची कणीक उचलून तिचा गोळा केला आणि परत ठेवला. कणकेला हात लावताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

क्लासात इंदूरहून एक कॉम्प्युटरचं मासिक यायचं. त्यात अशा एका मेलबद्दल वाचल्याचं मला आठवत होतं. जुने अंक चाळून ते पान काढलं. परदेशातली एक कंपनी फुकट खातं देत होती. तुम्ही लिहिलेलं पत्र तुमच्याच कॉम्प्युटरवर गुंतागुंतीचं होऊन बाहेर पडणार आणि ज्याला पाठवलं त्याच्याकडेच ते पुन्हा सरळ होणार. मधल्या वाटेवर कुणी उघडलंच तर त्याला अक्षरांचा नुसता कचरा दिसेल. कंपनी म्हणत होती की ती स्वतःही ते वाचू शकत नाही.

मी आप्पांना फोन केला. आप्पा देवासच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. बनून आलेला भाग मापात आहे की नाही हे बघून पुढे सोडायचा किंवा परत पाठवायचा, हे त्यांनी नोकरीभर केलं. आई गेल्यावर मी त्यांना बळंच ईमेल शिकवली होती. हायवेवरच्या एका कॅफेत ते आठवड्यातून एकदा जाऊन बसत.

"फुकट म्हणतेस," आप्पा म्हणाले. "मग त्यांचं पोट कशावर चालतं?"

"पैसे देऊन घ्यायचंही आहे म्हणे. मोठी जागा, जास्त सोयी."

"बरं. म्हणजे हा नमुना आहे. नमुना ते चांगलाच देणार." मग म्हणाले, "हे बघ, चालतंय का ते सगळेच बघतात. आपण कुठे मोडतं ते बघू."

मी काही दिवसांसाठी देवासला गेले. त्या कॅफेत मी आणि आप्पा शेजारी शेजारी दोन कॉम्प्युटरवर बसलो. खातं उघडायलाच आमची अर्धी सकाळ गेली. आधी पानावर एक छोटा प्रोग्रॅम उतरायचा, तो उतरता उतरता फोनची लाइन तुटायची आणि पुन्हा पहिल्यापासून. मग त्यानं सांगितलं, माऊस वेडावाकडा फिरवत राहा. त्या फिरवण्यातूनच तुमची किल्ली तयार होईल. आप्पा इतक्या मन लावून माऊस फिरवू लागले की कॅफेच्या मालकिणीनं येऊन विचारलं, "अंकल, माऊस खराब हो गया क्या?"

पासवर्ड म्हणून एक शब्द चालत नव्हता, अख्खं वाक्य हवं होतं. आणि खाली स्पष्ट लिहिलं होतं की हे वाक्य विसरलात तर आम्हीसुद्धा तुमचं खातं उघडून देऊ शकत नाही. मला ती मोठीच अडचण वाटली. आप्पांना मात्र तीच गोष्ट सगळ्यात आवडली. "म्हणजे दुसरी किल्ली त्यांनी ठेवलेली नाही," ते म्हणाले. "हे लिहून देतायत. बरं आहे."

मी माझ्या नव्या खात्यावरून आप्पांच्या जुन्या, साध्या खात्यावर एक ओळ पाठवली. ती त्यांना सरळ, उघडी वाचता आली. म्हणजे कुलूप तेव्हाच, जेव्हा दोन्ही टोकांना हीच मेल असेल. मग नव्यावरून नव्यावर पाठवली. आली, पण उघडायला इतका वेळ लागला की आप्पा तेवढ्यात बाहेर जाऊन पोहे सांगून आले.

आता माझ्या मते काम झालं होतं. आप्पांच्या मते सुरू झालं होतं. कंपनीनं मदतीची म्हणून जी पानं ठेवली होती ती सगळी त्यांनी प्रिंट करून घेतली आणि घरी शब्दकोश घेऊन बसले. आमच्या घरात इंग्रजी वाचणं म्हणजे आप्पांचा पेन्सिल घेऊन बसण्याचा कार्यक्रम असे. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी एक पान माझ्यापुढे सरकवलं.

"हे वाच. पत्राचा विषय आपण वर लिहितो ना, तो कुलुपात जात नाही. पत्र बंद, विषय उघडा. आणि कोण कुणाला लिहितंय, कधी लिहितंय, तेही उघडं."

मी ते पान आधी पाहिलं होतं आणि पुढे गेले होते. आप्पा थांबले होते.

मी धारला परत आले. पुढे काही दिवस आम्ही दोघं दोन गावांतून एकमेकांना मेल पाठवत राहिलो. सुरुवातीला आप्पा रोमन अक्षरांत 'टेस्ट' एवढंच लिहायचे. मग, दर वेळी वेगळं काहीतरी लिहायला हवं म्हणून असेल, ते खरंच लिहू लागले. कॉलनीत नळाला पाणी कधी आलं. हाटपिपल्याचा जुना मित्र भेटायला आला आणि दोघांनी मिळून कणकेचे गोळे भाजून दाल-बाफले केले, बाफले कच्चे राहिले. एकदा लिहिलं, की आई गेल्यापासून ते दिवसभर रेडिओ लावून ठेवतात, बातम्या ऐकायच्या म्हणून नाही, घरात कुणी बोलतंय असं वाटावं म्हणून. फोनवर आप्पा पाऊस आणि गुडघे यांच्यापलीकडे जात नसत. मी क्लासातल्या कॉम्प्युटरवर बसून ते वाचलं. पोरं समोर टायपिंगचा सराव करत होती. मी त्यांना त्या दिवशी लवकर सोडून दिलं.

मग एकाएकी त्यांच्या मेल्स थांबल्या. मी घाबरून फोन केला, तर म्हणाले, "बरा आहे. खातं मुद्दाम उघडत नाहीये. त्यांनी लिहिलंय की काही आठवडे कुणी आलंच नाही तर फुकटचं खातं बंद होतं. खरंच होतं का ते बघतोय."

खरंच झालं. आप्पांचं खातं बंद पडलं आणि त्यात मी त्यांना लिहिलेलं जे काही होतं ते त्यासोबत गेलं. त्यांना त्याचं वाईट वाटलं असावं, पण आवाजात तपासणीवाल्याचं समाधान होतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच पानावर लिहिलेली नव्हती, आणि ती कॅफेतच माझ्या लक्षात आली. आमच्या एसटीडीवाल्याच्या कॅफेत मी ते खातं उघडून बघत होते आणि तो माझ्या खुर्चीमागे उभा राहून, अगदी आपुलकीनं, म्हणाला, "भाभीजी, ये कौन सा नया मेल है? पासवर्ड मेरे पास लिखवा दो, भूल जाओगे तो." मी वळून बघितलं. त्याच्या हातात चहाचा कप होता, माझ्यासाठीच आणलेला. मला तेव्हा वाटलं, आपण परदेशातल्या कुलपाची इतकी पारख करतोय, पण लिहायला तर याच खुर्चीत बसणार.

त्या दिवसांत मी यावर खूप विचार करायचे. या माणसाला आम्ही ओळखत होतो. त्याचं घर, त्याची मुलं, त्याला मधुमेह आहे, सगळं माहीत होतं. आणि त्या कंपनीतल्या एकाही माणसाचा चेहरा आम्ही पाहिलेला नव्हता. तरी ओळखीच्या माणसापासून लपवण्यासाठी आम्ही अनोळखी माणसाकडे जात होतो. हे उलटं आहे असं मला आधी वाटलं. मग वाटलं, तसं नाही. त्या दूरच्या देशात भाभीचं नाव कुणी वाचलंच, तर ते त्याच्यासाठी चार अक्षरं होती. धारमध्ये त्या नावाला घर होतं, वळण होतं, शिलाई मशीन होती, दारात उभ्या राहणाऱ्या बायका होत्या. ज्याला ओळख आहे तोच बोलू शकतो. म्हणून भीती त्याचीच.

आप्पा धारला आले ते एका रविवारी. दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर ते, वन्सं आणि मी पुढच्या खोलीत बसलो. आप्पांनी शर्टाच्या खिशातून चष्मा काढला.

"पत्र मधे कुणाला वाचता येत नाही, हे आमच्या तपासणीत खरं दिसलं," ते वन्संना म्हणाले. "कंपनी सांगते तसं आहे. उद्या ती कंपनीच बदलली तर काय, ते मला सांगता येणार नाही ताई. ते आपल्या हातात नाही."

"म्हणजे पास म्हणायचं?"

"अटींवर पास." मग त्यांनी एकेक सांगितलं. पुण्याच्या मैत्रिणीनंही हेच खातं घ्यायला हवं. विषयाच्या जागी रोगाचं काही लिहायचं नाही. दोघींनीही खातं नियमानं उघडायचं, नाहीतर सगळं जाईल. जे जपून ठेवायचं ते त्यात ठेवायचं नाही. आणि कॅफेत बसून लिहायचं नाही. कॉम्प्युटर इथे, या खोलीत हवा.

वन्सं सगळं ऐकत होत्या. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"रोग्याचं नाव मी त्यात लिहू शकते ना?"

"हो," मी म्हटलं. तेच तर आम्ही इतके दिवस तपासत होतो.

आप्पा म्हणाले, "लिहू शकता. पण ताई, तुमच्या मैत्रिणीला औषध सांगायला ते नाव लागतं का?"

वन्सं उठल्या. टेबलाच्या खणातून त्यांनी भाभीबद्दल पुण्याला पाठवलेल्या पत्राची स्वतः लिहिलेली प्रत काढली, जी त्यांनी टाइप करायला दिली होती. उभ्या उभ्याच वाचली. पहिल्या ओळीत भाभीचं नाव होतं, मग वय, गाव, शिवणाचा धंदा, नवरा ट्रकवर होता हे. मैत्रिणीनं उत्तरात तेच सगळं पुन्हा लिहिलं होतं.

"कॉलेजात असंच शिकवलं," त्या म्हणाल्या. "आधी नाव, मग गाव, मग धंदा. हात तसाच चालतो." कागद त्यांनी परत खणात ठेवला. "तिला याची गरजच नव्हती."

आप्पांनी चष्मा काढून खिशात ठेवला.  सासूबाई आतून चहा घेऊन आल्या आणि आमचे चेहरे बघून कप ठेवून परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी वन्सं मला म्हणाल्या, चल. आम्ही भाभीकडे गेलो. मशीनवर कपडा नव्हता, झाकण घातलेलं होतं. भाभीनं बसायला स्टूल दिलं आणि स्वतः उभी राहिली. वन्संनी तिला सरळ सांगितलं, की तुझी गोष्ट बाहेर गेली ती माझ्या कागदातून गेली. मी पुण्याच्या डॉक्टरला लिहिलं, तिचं उत्तर उघडं आलं. गलती मेरी है.

भाभीला ते आधीच कळलं असणार. तिनं मशीनवरचं झाकण सारखं केलं. "मेरे से पूछ तो लेते, मैडम," ती म्हणाली.

"हाँ. पूछना चाहिए था."

"क्या-क्या लिखा था उसमें?"

 वन्संनी सगळं सांगितलं, इंग्रजीत काय लिहिलं होतं ते हिंदीत, एकेक करून. वजन किती उतरलं, खोकला, रात्रीचा ताप, नवरा कशानं गेला. आपल्याबद्दल कुणी इतकं सविस्तर लिहिलंय हे भाभी पहिल्यांदाच ऐकत होती. ऐकता ऐकता ती खाली बसली. मधेच एकदा म्हणाली, "उनके बारे में ऐसा मत लिखो कि ट्रक पे थे इसलिए. आदमी अच्छे थे." आणि शेवटी म्हणाली, "और ये भी लिखना कि मैंने सिलाई नी छोड़ी है. लोगों ने छोड़ी है, मैंने नी."

निघताना वन्सं म्हणाल्या, यापुढे तुझ्याबद्दल काही लिहिलं तर आधी तुला वाचून दाखवीन. भाभीनं मान हलवली. तिचा त्यावर विश्वास बसला नव्हता, हे दिसत होतं. कापडं घेऊन गेलेल्या बायकांनीही तिच्याशी गोडच बोलून कापडं नेली होती.

पण वन्संनी ते केलं. इंदूरहून जुना कॉम्प्युटर आणला, तो दवाखान्यात पडद्यामागे ठेवला. मोडेम लावला की तो असा किंचाळायचा की बाहेर बसलेल्या रोग्यांची पोरं दचकायची. पुण्याच्या मैत्रिणीनं आधी कुरकुर केली, मग खातं घेतलं. वन्संचं पासवर्डचं वाक्य लांबलचक होतं आणि टाइप करताना त्या ते ओठांत पुटपुटायच्या. "वन्सं, ओठ मिटा," मी म्हणायचे, आणि त्या लहान मुलीसारख्या ओठ घट्ट दाबून एका बोटानं टाइप करायच्या. ते वाक्य काय होतं ते मला कधीच कळलं नाही. एकदा टायफॉइडमधून उठल्यावर त्यांना ते आठवेना आणि ते खातं कायमचं गेलं. नवं उघडलं. जपायचं ते कागदावर आधीच होतं, नावाशिवाय.

आणि लिहिण्याआधी त्या रोग्याला समोर बसवायच्या. आज काय विचारणार आहे, ते हिंदीत सांगायच्या. सुरुवातीला फक्त भाभीला, मग सगळ्यांनाच. काही रोगी म्हणायचे, आपको जो ठीक लगे. पण कन्नौदकडून येणारा एक म्हातारा प्रत्येक ओळ दोनदा ऐकायचा. एका बाईनं सांगितलं, माझं काहीच लिहू नका, आणि वन्संनी लिहिलं नाही. तिच्यासाठी त्या स्वतः पुण्याला फोन करून नुसतं 'अशी एखादी केस असेल तर' असं विचारायच्या. कामाला वेळ जास्त लागू लागला. मामंजी एकदा म्हणाले, "रोगी बघत्येस की पुराण सांगत्येस?" वन्सं हसल्या फक्त.

मला त्या सगळ्यात एक गोष्ट उशिरा उमगली. मी शोधत होते ती दोन माणसांमधली बंद वाट. वन्सं आणि त्यांची मैत्रीण. जिच्याबद्दल सगळं होतं ती त्या दोन टोकांपैकी कुठेच नव्हती. आमच्या इतक्या दिवसांच्या तपासणीत आप्पांनी कुलूप उलटंपालटं करून पाहिलं, मी वेळ पाहिला, लाइन पाहिली, आणि भाभीला विचारावं हे आमच्या दोघांच्याही मनात आलं नव्हतं. आप्पांचा तो नावाचा प्रश्न त्याच्या सगळ्यात जवळ गेला होता. पण तिथून भाभीच्या घरापर्यंत गेल्या त्या वन्संच.

भाभीच्या वाट्याला लगेच काही चांगलं आलं असं नाही. गल्लीतलं काम जवळजवळ बंद झालं. काही महिने ती सरदारपूरजवळ भावाकडे राहिली, तिथे जमलं नाही, परत आली. मग एका दुकानाचे शाळेचे गणवेश शिवायला घेतले. मुलांच्या गणवेशाला शिवणारीचं नाव कुणी विचारत नाही. टीबीचा कोर्स तिनं पूर्ण केला. काही वर्षांनी इंदूरच्या सरकारी दवाखान्यात मुख्य औषधं फुकट मिळू लागली, तेव्हा वन्संनी धारमधून ज्यांना पहिल्यांदा पाठवलं त्यात ती होती. महिन्याच्या महिन्याला बसनं जायची. अंगावर मांस चढलं. हळूहळू काही बायका परत येऊ लागल्या. त्या गेल्या का आणि आल्या का, याबद्दल त्याही बोलल्या नाहीत आणि भाभीनंही विचारलं नाही.

तोवर ती फुकटची मेल आमच्याकडून सुटली होती. सवलती कमी होत गेल्या, आणि इंदूरलाच विचारायला डॉक्टर मिळू लागल्यावर पुण्याला लिहिणंही कमी झालं. मोबाइल आले. कॅफेवाल्यानं कॉम्प्युटर काढून रिचार्जचं दुकान केलं. वन्संनी त्याच्याशी बोलणं कधी तोडलं नव्हतं. फक्त पासवर्ड त्याच्याकडून काढून घेतला होता, आणि का ते नीट समजावून सांगितलं होतं. त्याला ते लागलं होतं. तो म्हणाला होता, "मैडम, मैंने तो पढ़ा भी नहीं था." आणि ते खरं होतं, तो इंग्रजी नुसती अक्षरं बघून टाइप करायचा.

पुण्याची मैत्रीण एका हिवाळ्यात मांडू बघायला म्हणून आली आणि दोन दिवस आमच्याकडे राहिली. उंच, मोठ्यानं हसणारी बाई. दवाखान्यात बसून ती येणाऱ्या-जाणाऱ्या रोग्यांकडे बघायची, आणि मला कळायचं की ती मनात जुळवून बघतेय, पत्रातली ती शिवणारी यातली कोण असेल. वन्संनी तिला सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाभी गोळ्यांचं काही विचारायला आली. वन्संनी ओळख करून दिली ती फक्त पाहुणीची, पुण्याच्या डॉक्टर म्हणून.  भाभी पदर सावरून पुढे गेली आणि स्वतःच म्हणाली, "अच्छा, आप हो. मेरे बारे में आप ही को लिखते थे." आणि तिनं आपलं नाव सांगितलं, पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट.

 मैत्रिणीनं भाभीचे दोन्ही हात धरले. मग दोघी बराच वेळ बोलत बसल्या, एकीची पुणेरी हिंदी आणि दुसरीची माळवी, आणि त्यात रोगाचं फार थोडं होतं. भाभीनं तिचा ब्लाउज खांद्यावर नीट बसत नाही हे बघितलं, आणि म्हणाली, ये किसने सिला? निघायच्या आधी भाभीनं घरून टेप आणून पाहुणीचं माप घेतलं. वन्सं दारात उभ्या राहून बघत होत्या आणि सासूबाई आतून विचारत होत्या, जेवायला किती पानं मांडू.